ट्रकचा ईसीएम बदलण्याआधी
कॉमन रेल इंजिनाच्या ट्रकात डिझेल केव्हा व किती सोडायचे हे ईसीएम ठरवतो. २०१७ साली देशभर बीएस-४ नियम लागू झाले, त्या सुमाराच्या अशा गाड्या आता जुन्या झाल्या. गाडी स्टार्ट होईना की मिस्त्री आधी ईसीएमवरच बोट ठेवतो. पुष्कळदा दोष गंजलेल्या अर्थिंगच्या बोल्टात किंवा पाणी शिरलेल्या सॉकेटात निघतो. म्हणून सेल्फ मारताना ईसीएमपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचते का, ते गाडीमालकाने प्रथम मीटर लावून पाहून घ्यावे. भंगारातला ईसीएम स्वस्त मिळतो. परंतु पार्ट नंबर जुळला तरी आतला प्रोग्राम दुसऱ्या गाडीचा असतो. तो नव्याने भरावा लागतो, अनेक गाड्यांत इंजेक्टरांचे कोडही घालावे लागतात. हे काम करून देणाराच विक्रेता गाठावा. बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरीची तार व ईसीएमचे सॉकेट काढावे. आमचे वेल्डर बंधू नेमके हेच विसरतात.