वर्ग एक, वाटा अनेक

एकाच वर्गांत, एकाच बांकावर बसलेलीं दोन मुलें ज्ञानाच्या एकाच पायरीवर असतात काय? एकाला त्रैराशिक सहज सुटतें, तर शेजारचें मूल हातच्याच्या वजाबाकीपाशीं अडतें. धडा मात्र दोघांना एकच! पुढें गेलेलें मूल कंटाळतें. मागें राहिलेलें निमूट बसतें, आणि त्याचें वर्गांत बसणें म्हणजेच शिकणें असा सर्वांचा समज होतो.

हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर हे १९५३ सालीं आपल्या कन्येच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. सर्व मुलांना एकाच चालीनें चालावें लागतें, आणि आपलें उत्तर बरोबर कीं चूक हें त्यांना तत्काळ कळत नाहीं, हे दोन दोष त्यांना दिसले. पुढच्याच वर्षीं त्यांनीं शिकविण्याचें एक यंत्र लोकांपुढें मांडलें. त्यामुळें प्रत्येक मुलाला स्वतःच्या गतीनें जातां येऊं लागलें. परंतु मोकळीक मिळाली ती गतीपुरतीच. वाट सर्वांची एकच राहिली.

मुलागणिक वाटही बदलणें संगणकानें शक्य झालें. दिल्लींत २०१५ सालीं या उपायाची कसोटी घेण्यांत आली. सरकारी शाळांतील ६१९ विद्यार्थ्यांपैकीं सुमारें निम्म्यांना सोडतीनें शाळेबाहेरील केंद्रांत विनामूल्य प्रवेश मिळाला. तेथें ४५ मिनिटें ‘माइंडस्पार्क’ नांवाच्या संगणकीय पाठांना आणि ४५ मिनिटें लहान गटांतील अध्यापनाला दिलेलीं असत. संगणक प्रथम मुलाची पायरी हुडकी, आणि चूक कोणत्या प्रकारची आहे हें पाहून पुढचा प्रश्न निवडी. सहावीचीं मुलें गणितांत सरासरीनें अडीच इयत्ता मागें असल्याचें या चांचणींत उघड झालें.

साडेचार महिन्यांनंतर केंद्रांतील मुलांनीं गणित व हिंदी या दोन्ही विषयांत इतरांहून स्पष्ट आघाडी मिळविली. तुलनेनें अधिक लाभ झाला तो अगदीं मागें असलेल्यांचा. कारण नेहमीच्या वर्गांत त्यांची प्रगति जवळजवळ होतच नव्हती. तरीहि शाळेच्या गणिताच्या परीक्षेंत त्यांचे गुण लक्षणीय वाढले नाहींत. संगणक मुलाच्या पायरीवरचें शिकवीत होता, परीक्षा मात्र इयत्तेचें विचारीत होती.

यांतून शिक्षकानें घ्यावयाचा बोध साधा आहे. यंत्राचा खरा उपयोग रंगीत चित्रें दाखविण्यांत नाहीं. कोणतें मूल नेमकें कोठें अडलें आहे, हें सांगण्यांत आहे. तें कळल्यावर चार मुलांना जवळ बसवून वजाबाकी पुन्हां समजावून देणें, आणि तोंवर इतरांना त्यांच्या योग्यतेचें काम देणें, हें कार्य शिक्षकाचेंच. जेथें संगणक नाहीं, तेथें पाटीवर घातलेल्या पांच उदाहरणांनींहि ही चौकशी होऊं शकते. मूल कोणत्या इयत्तेंत बसलें आहे हें हजेरीपट सांगतो. तें कोणत्या पायरीवर उभें आहे, हें विचारल्यावांचून कळत नाहीं.