कादंबरीवर निबंध लिहिताना

(वाचलेल्या कादंबरीवर निबंध कसा आखावा आणि कसा लिहावा, हे या पाठात एका उदाहरणाच्या आधारे सांगितले आहे.)

'माझी शाळा', 'पावसाळ्यातील एक दिवस' यांसारखे निबंध तुम्ही मराठीत लिहिता. पण 'वाचलेल्या कादंबरीवर निबंध लिहा' असे म्हटले, की पुष्कळ जण गोंधळतात. काही जण पहिल्या पानापासून गोष्टच सांगू लागतात. वेळ संपते, पण गोष्ट संपत नाही. काही जण गाइडमधला तयार निबंध पाठ करतात. त्यातली एक ओळ विसरली, की पुढचे सगळेच विसरते.

याचे कारण भीती हे आहे. मराठी आपली घरची भाषा नाही, मग आपले मत मराठीत कसे मांडणार, असे तुम्हांला वाटते. पण हे काम तुम्ही उर्दूत करतच असता. डेप्युटी नझीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही १८६९ सालची कादंबरी घ्या. तिच्यातील अकबरी आणि असगरी या बहिणींविषयी बोलताना 'असगरी शहाणी आहे' एवढे म्हणून तुम्ही थांबत नाही. ती घर कसे सांभाळते, हेही सांगता. म्हणजे आधी मत आणि मग त्याचा पुरावा. कादंबरीवरचा निबंध म्हणजे एवढेच. गोष्ट पुन्हा सांगणे म्हणजे निबंध नव्हे. एका प्रश्नाला पुराव्यासह दिलेले उत्तर म्हणजे निबंध.

उदाहरणासाठी आपण व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी घेऊ. ती १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर अमोल पालेकर यांनी १९९५ साली चित्रपटही काढला. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील मुलांना ही कादंबरी परकी वाटणार नाही. नीरा नदी ओलांडली, की फलटण आणि माळशिरस हे तालुके लागतात. त्यांच्या पलीकडे माण, सांगोला, आटपाडी हा कमी पावसाचा मुलूख आहे. त्याला माणदेश म्हणतात. बनगरवाडी ही त्याच मुलखातील धनगरांची वाडी आहे. आपल्याकडेही कालव्याचे पाणी पोचते तिथे ऊस डोलतो आणि ते पोचत नाही त्या जिरायत भागातील मेंढपाळ चाऱ्यासाठी कळप घेऊन दूर जातात. काटेवाडीला संत तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

कादंबरीची गोष्ट थोडक्यात अशी आहे. संस्थानी काळात राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर बनगरवाडीच्या शाळेवर येतो. सुरुवातीला शाळेत मुलेच नसतात. गावचा कारभारी त्याला मदत करतो. आयबू नावाचा मुसलमान तरुण त्याचा सोबती होतो. हळूहळू मास्तर गावाच्या सुखदुःखात मिसळतो. गाव मेहनत करून तालीम बांधते. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे पोटासाठी वाडी सोडून जातात आणि शेवटी मास्तरही निघतो.

ही झाली गोष्ट. निबंधात ती चार-पाच ओळींत आटोपावी. आता खरे काम सुरू होते.

पहिली पायरी म्हणजे प्रश्न नीट वाचणे. समजा, प्रश्न असा आहे : 'मास्तराने बनगरवाडीला काय दिले आणि बनगरवाडीने मास्तराला काय दिले?' यात प्रश्न दोन आहेत. पहिल्याचेच उत्तर लिहिले, तर निबंध अर्धाच राहील. म्हणून प्रश्नातील महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ ओढावी.

दुसरी पायरी म्हणजे टिपणे काढणे. कादंबरी वाचताना वही जवळ ठेवावी. मनाला लागलेला प्रसंग एका ओळीत लिहावा आणि समोर पानाचा क्रमांक टाकावा. या प्रश्नासाठी पुढील टिपणे उपयोगी पडतील : शाळेत मुले जमवणे, गावाने तालीम बांधणे, आयबूची सोबत, कारभारी आणि मास्तर यांच्यातील गैरसमज, बैलाच्या जागी शेकूच्या बायकोने स्वतः खांद्यावर जू घेणे, दुष्काळ.

तिसरी पायरी म्हणजे मत ठरवणे. टिपणे समोर ठेवून स्वतःला विचारा, 'यांवरून मला काय वाटते?' उत्तर एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ : 'मास्तर गावाला अक्षरे शिकवायला आला, पण गावाने त्याला माणसे ओळखायला शिकवले.' हे वाक्य निबंधाचा कणा आहे. ज्या टिपणाचा त्याच्याशी संबंध नाही, ते कितीही आवडले तरी सोडून द्यावे.

चौथी पायरी म्हणजे आराखडा. उर्दूत आपण त्याला खाका म्हणतो. तो पाच ओळींत बसतो :

१. सुरुवात : कादंबरी, लेखक आणि आपले मत.
२. मास्तराने गावाला दिले : शाळा, तालीम.
३. गावाने मास्तराला दिले : आयबूची माया, शेकूच्या बायकोचे धैर्य.
४. विरुद्ध बाजू : गैरसमज. नाते नेहमीच गोड नव्हते.
५. शेवट : दुष्काळानंतर काय उरले?

विरुद्ध बाजू गाळू नका. आपल्या मताला अडचणीचा असलेला प्रसंगही आपण पाहिला आहे, हे कळले, की वाचणाऱ्याचा आपल्यावर विश्वास बसतो.

आता लिहायला घ्या. पुढील दोन परिच्छेद वाचा.

'गावात तालीम बांधली. मग राजा आला. मग लोकांना आनंद झाला. मग पाऊस पडला नाही.'

'मास्तराच्या शब्दावर गाव तालीम बांधते. ज्यांना रोजच्या भाकरीची काळजी आहे, अशी माणसे तिच्यासाठी घाम गाळतात. यावरून त्यांचा मास्तरावर विश्वास बसला आहे, असे दिसते.'

पहिल्यात नुसते 'मग, मग' आहे. दुसऱ्यात प्रसंग आहे आणि त्याचा अर्थही आहे. 'यावरून असे दिसते', 'म्हणून', 'पण', 'याउलट' हे छोटे शब्द निबंधाला पुढे नेतात. कादंबरीतील प्रसंग वर्तमानकाळात सांगितले, की लिहिणे सोपे जाते.

भाषेच्या बाबतीत थोडी सावधगिरी बाळगावी. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. म्हणून 'गाव मोठा आहे' असे न लिहिता 'गाव मोठे आहे' असे लिहावे. बारिश पडली, पण पाऊस पडला. काही शब्द दोन्ही भाषांत दिसतात, पण त्यांचे अर्थ निराळे असतात. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामा, मराठीत 'खाली' म्हणजे नीचे. 'दुष्काळात गाव खाली झाला' असे लिहिले, तर वाचणारा थबकेल. 'गाव ओस पडले' असे लिहावे. अवघड शब्दांच्या मागे लागू नये. साधे आणि बरोबर वाक्य केव्हाही चांगले.

शेवट लिहिताना स्वतःचे मत धीटपणे सांगावे. गाव ओस पडले, मग मास्तराची मेहनत वाया गेली का? एक विद्यार्थी 'होय' म्हणेल, दुसरा 'नाही' म्हणेल. पुरावा दिला, तर दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. इथे गाइडचा उपयोग नाही, कारण तुम्ही जे पाहिले ते गाइड लिहिणाऱ्याने पाहिलेले नसते. उजनी धरणाच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची कित्येक गावे गेली. पाणी ओसरले, की जुन्या पळसदेवचे मंदिर आजही दिसते. बनगरवाडी पाणी नाही म्हणून ओस पडली, तर ही गावे पाणी आले म्हणून उठली. ज्याच्या आजोबांनी असे गाव सोडले, किंवा ज्याच्या घरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तो या कादंबरीचा शेवट निराळ्या नजरेने वाचील. ती नजर निबंधात आली पाहिजे.

लिहून झाल्यावर निबंध एकदा हळू आवाजात वाचा. जीभ जिथे अडखळेल, तिथले वाक्य सुधारा. चाळीस मिनिटे मिळाली, तर दहा मिनिटे आराखड्याला, पंचवीस लिहिण्याला आणि पाच वाचण्याला द्यावीत. आराखड्याला दिलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत. पुढे काय लिहावे, असा प्रश्न मग पडत नाही.

स्वाध्याय

१. गोष्ट सांगणे आणि निबंध लिहिणे यांत कोणता फरक आहे?
२. निबंधात विरुद्ध बाजू का मांडावी?
३. चुका दुरुस्त करून लिहा : (अ) गाव लहान होता. (आ) काल पाऊस पडली. (इ) माझी पेटी खाली आहे, तिच्यात काही नाही.
४. तुम्ही वाचलेल्या एका उर्दू किंवा मराठी कादंबरीविषयी एक प्रश्न तयार करा. त्याच्या उत्तराचा पाच ओळींचा आराखडा लिहा.
५. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना दुष्काळाच्या किंवा गाव सोडण्याच्या आठवणी विचारा आणि त्या दहा ओळींत मराठीत लिहा.