पाझर तलावाचा गाळ आणि भूशास्त्रज्ञांचे कार्य

पाझर तलाव भरलेला दिसतो, परंतु त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी फाल्गुनातच तळ गाठतात, असा अनुभव अनेक गावांना येतो. पाऊस पुरेसा झालेला असतो, बांधही शाबूत असतो, तरी पाणी जमिनीत मुरत नाही. काही ठिकाणी तलावाची जागाच चुकलेली असते. परंतु पुष्कळदा खरे कारण तळाशी साचलेल्या बारीक गाळात असते. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून राज्यात हजारो पाझर तलाव बांधण्यात आले. ते जुने होत चालले असल्याने या प्रश्नाचे महत्त्व वाढले आहे. पाणी व गाळ यांचा अभ्यास करणाऱ्या भूशास्त्रज्ञांनी याविषयी काय शोधले आणि गावाला त्याचा उपयोग कसा करता येईल, याचा विचार येथे केला आहे.

खडकातील पाण्याची वाट

महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट खडक पसरलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. घट्ट पाषाणाच्या अंगात पाणी राहत नाही. ते राहते मुरमात, खडकाच्या सांधी-भेगांत आणि प्रत्येक थराच्या वरच्या सच्छिद्र भागात. म्हणूनच एका विहिरीला भरपूर पाणी लागते आणि थोड्याच अंतरावरील दुसरी कोरडी जाते.

अशा खडकात पाण्याची जागा ठरविणे हे भूजलशास्त्रज्ञाचे काम होय. भूशास्त्राची पदवी व पदव्युत्तर शिक्षण घेऊन तो या कामात येतो. पुष्कळ दिवस त्याला नाल्याकाठी व विहिरीकाठी उघडे पडलेले थर पाहत हिंडावे लागते. खडकातून विजेचा प्रवाह सोडून खालच्या थरांचा अंदाज घेणे, विहिरीचे पाणी उपसून ते किती वेळात पूर्ववत चढते हे मोजणे, पाण्याचे नमुने तपासणे ही कामे तो करतो. केंद्रीय भूजल मंडळ १९७० मध्ये, तर राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ मध्ये स्थापन झाली. राज्य यंत्रणेने महाराष्ट्राची विभागणी दीड हजाराहून अधिक पाणलोट क्षेत्रांत केली असून निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीची नोंद पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर नियमाने घेतली जाते.

पातळ थराची मोठी अडवणूक

पाणी मातीतून किती वेगाने झिरपते, याचा नियम फ्रान्समधील अभियंता हेन्री दार्सी याने १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करीत असता त्याने वाळूच्या थरातून पाणी सोडून प्रयोग केले. थराच्या दोन बाजूंच्या पाणीपातळीतील फरक वाढला की प्रवाह वाढतो. थराची जाडी वाढली की तो कमी होतो. आणि थर कोणत्या कणांचा आहे यावर सर्वांत अधिक अवलंबून असते. चिकणमातीतून पाणी वाळूपेक्षा हजारो पटींनी सावकाश जाऊ शकते. हा फरक हजार पट धरला, तरी १० सेंटिमीटर चिकण गाळ पाण्याला १०० मीटर वाळूइतका अडवतो. तलावात गाळ थोडाच आहे, ही समजूत म्हणूनच फसवी ठरते. गाळाची जाडी जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची जातही महत्त्वाची आहे.

हा चिकण थर तळावर कसा पसरतो, याचे उत्तर इंग्लंडमधील जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमात सापडते. बारीक कणाचा बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण स्थिर पाण्यात १ मीटर खाली जाण्यास सुमारे दोन मिनिटे घेतो. शंभराव्या भागाएवढ्या पोयट्याच्या कणाला सुमारे तीन तास लागतात. हजाराव्या भागाएवढ्या चिकणमातीच्या कणाला जवळजवळ तेरा दिवस. यामुळे ओढ्याच्या पाण्यातील वाळू तलावाच्या तोंडाशीच पडते आणि गढूळ पाण्यातील चिकणमाती दूरवर जाऊन बांधाजवळच्या खोल तळावर बसते. पाणी जेथे अधिक काळ उभे राहते, नेमका तेथील पाझर बंद होतो.

गाळाच्या थरांतून काळाचा हिशेबही काढता येतो. १९५० व १९६० च्या दशकांत जगात झालेल्या अणुस्फोट चाचण्यांतून सीझियम-१३७ हे द्रव्य वातावरणात पसरले व पावसाबरोबर मातीत उतरले. त्याचे प्रमाण १९६३ च्या सुमारास सर्वाधिक होते. जुन्या तलावांच्या गाळात तो थर सापडल्यास त्यावर पुढे किती गाळ साचला, हे मोजता येते.

गाळाचे मूळ वरच्या अंगाला

गाळ साचतो एका ठिकाणी आणि त्याचे कारण असते दुसऱ्या ठिकाणी, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घडले. १८५३ नंतर तेथील सिएरा नेवाडा पर्वतात सोन्यासाठी पाण्याचे जोरदार फवारे मारून टेकड्या फोडण्यात आल्या. त्यांचा गाळगोटा युबा व इतर नद्यांत उतरला, पात्रे उंचावली आणि काठची शेते व बागा गाळाखाली गेल्या. १८८४ मध्ये न्यायालयाने हा गाळ नदीत सोडण्यास मनाई केली. पुढे १९०५ पासून ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने या प्रश्नाचा अभ्यास केला. बर्कले येथे लाकडी पाटांतून वाळू व पाणी सोडून त्याने प्रयोग केले आणि १९१४ व १९१७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाळ लाटेप्रमाणे हळूहळू खाली सरकतो आणि मूळ काम थांबल्यावरही त्याचा उपद्रव अनेक दशके राहतो, असे त्यातून दिसून आले. उघड्या माळाची माती वाहू देऊन तलावातील गाळ वारंवार काढत बसणे किती खर्चाचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

गावाने करावयाची कामे

प्रथम तलाव पाझरतो की नाही, याची खात्री करावी. ओढ्याची आवक थांबल्यावर तलावात मापपट्टी रोवून रोज ठरावीक वेळी पातळी लिहावी. पाणी उपसले जात नाही व बांधातून गळत नाही, हे पाहावे. उदाहरणार्थ, पातळी दिवसाला ३० मिलिमीटर उतरली आणि जवळच्या हवामान केंद्राप्रमाणे बाष्पीभवन ५ मिलिमीटर असेल, तर सुमारे २५ मिलिमीटर पाणी मुरले. पातळीतील घट बाष्पीभवनाएवढीच असेल, तर तळ बंद झाला असे समजावे. खालच्या अंगाच्या तीन-चार विहिरींच्या कठड्यावर कायम खूण करून तेथून पाण्याची खोली मे व ऑक्टोबरमध्ये नोंदवावी.

गाळ उन्हाळ्यात, तलाव आटल्यावर काढावा. मुरूम लागताच खोदाई थांबवावी व बांधाच्या पायथ्यालगत मुळीच खोदू नये. साठवण तलावाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे पाणी टिकवावयाचे असल्याने तळाचा चिकण थर उपकारक असतो. तो सरसकट खरवडल्यास तलाव गळू लागण्याचा संभव असतो.

काढलेला गाळ शेतात टाकण्यापूर्वी त्याची परीक्षा करावी. उभ्या काचेच्या बाटलीत एक-तृतीयांश गाळ व उरलेल्या भागात पाणी घालून ती चांगली हलवावी व स्थिर ठेवावी. पहिल्या एक-दोन मिनिटांत वाळू बसते, पुढील काही तासांत पोयटा आणि त्यानंतर चिकणमाती. ती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. चिकणमाती व पोयटा असलेला गाळ हलक्या, मुरमाड जमिनीस मानवतो व तिची ओल धरण्याची शक्ती वाढवतो. निचरा कमी असलेल्या भारी काळ्या जमिनीत तो टाकू नये. क्षारांचे प्रमाण माती परीक्षण प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेखाली अशी कामे झाली असून गाळ वाहून नेण्यापूर्वी ही तपासणी केल्यास श्रम व पैसा वाया जात नाही.

शेवटी, पाणलोटाच्या माथ्यापासून समपातळी चर, बांधबंदिस्ती, गवत व झाडे यांनी माती जागच्या जागी धरावी. मापपट्टीची व विहिरींची वही ग्रामपंचायतीत जपून ठेवावी. भूशास्त्रज्ञ गावात येतो तो काही दिवसांपुरता. गावाने वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी हाती असतील, तर नवी विहीर कोठे घ्यावी आणि कोणत्या तलावाचा गाळ आधी काढावा, याविषयी तो अधिक खात्रीचा सल्ला देऊ शकतो.