झाशीहून पत्र : कोणाचे रक्त, कोणता आकडा?

सदर बाजार, झाशी. ऑगस्ट २०२१.

२८ जुलैला केंद्र सरकारने कोरोनाविरुद्धच्या अँटीबॉडींचे राज्यवार आकडे जाहीर केले आणि इथल्या चहाच्या टपऱ्यांना नवा विषय मिळाला. मध्य प्रदेश ७९ टक्के, उत्तर प्रदेश ७१, महाराष्ट्र ५८ आणि सगळ्यांत खाली केरळ, ४४.४. ‘भाईसाहब, आपका महाराष्ट्र तो पीछे रह गया’, असे मला हसत हसत सुनावले जाते. झाशी हे उत्तर प्रदेशाचे मध्य प्रदेशात घुसलेले टोक. तिन्ही बाजूंना पहिला नंबर आणि घरी ७१, म्हणून मंडळी खुशीत आहेत.

हा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा वाचला जातो, हीच अडचण आहे. जून-जुलैत झालेल्या या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणापर्यंत बहुसंख्य लोकांना लस मिळालेली नव्हती. म्हणजे ७९ टक्क्यांचा बराचसा भाग एप्रिल-मेच्या लाटेने वसूल केलेला आहे. केरळातले ४४ याचा अर्थ तिथे अजून निम्म्याहून अधिक लोकांपर्यंत विषाणू पोचलेलाच नाही. पुढची लाट तिथे जास्त जाणवेल हे खरे, पण आजवर जे वाचले ते कमी कौतुकाचे नाही.

मला मात्र त्याच सर्वेक्षणातल्या दुसऱ्या आकड्याबद्दल लिहायचे आहे. सर्वसाधारण लोकांत ६७.६ टक्के, तर रुग्णालयांत आणि दवाखान्यांत काम करणाऱ्यांत ८५.२ टक्के अँटीबॉडी आढळल्या. हे ८५ टक्के नेमके कोण, हे समजायला झाशीसारखे गाव बरे, कारण इथे ‘आरोग्य कर्मचारी’ नावाचा एक माणूस सापडतच नाही.

मराठी वाचकाच्या मनातली झाशी म्हणजे किल्ला, राणी आणि ज्या गणेश मंदिरात तिचे लग्न लागले ते मंदिर. ती झाशी जुन्या शहरात. सदर बाजार ही छावणीची पेठ, पुण्याच्या कॅम्पाची धाकटी बहीण म्हणा. इथला झाडूवाला कँटोन्मेंट बोर्डाचा, म्हणजे अखेर संरक्षण मंत्रालयाचा. जवानांसाठी मिलिटरी हॉस्पिटल. झाशी हे रेल्वेचे मोठे विभागीय केंद्र, त्यामुळे रेल्वेचे रुग्णालय वेगळे. जिल्हा रुग्णालय मुख्य वैद्यकीय अधीक्षकाच्या (सीएमएस) हाताखाली आणि खेड्यांतली आरोग्य केंद्रे मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या (सीएमओ). आपल्याकडच्या सिव्हिल सर्जन आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची वाटणी जवळपास अशीच असते. १९६८ साली सुरू झालेले महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचे. बुंदेलखंडातले अवघड रुग्ण इथेच येतात आणि एप्रिल २०२० मध्ये कोरोनाची तपासणी सुरू करणाऱ्या राज्यातल्या पहिल्या प्रयोगशाळांत इथली प्रयोगशाळा होती.

या सगळ्यांच्या आतबाहेर संविदेवरची, म्हणजे कंत्राटी माणसे: वॉर्डबॉय, सफाईवाले, रुग्णवाहिकेचे चालक. आणि रुग्णालयाच्या भिंतीबाहेर आशा. मे २०२० मध्ये मुंबई, ठाणे, सुरत सोडून निघालेले मजूर शिवपुरी रस्त्यावरच्या रक्सा सीमेवर हजारोंनी अडकले होते, ते मराठी वर्तमानपत्रांनीही छापले. पुढे गावोगाव परतलेल्या मजुरांचा माग आशांनी काढला. राज्यभरात सुमारे १ लाख ६० हजार आशा आणि ३० लाखांहून अधिक मजूर. विषाणू ज्या रस्त्याने आला त्या रस्त्यावर पहिली उभी होती ती आशा. तिच्या अंगावर पीपीई किट नव्हता.

आता तपासणीकडे. अँटीबॉडी चाचणी आज आजार आहे का ते सांगत नाही, होऊन गेला का ते सांगते. हा फरक सरकारलाही महागात पडून कळला. एप्रिल २०२० मध्ये चीनहून आलेले झटपट चाचणीचे संच राज्यांना वाटले गेले, निकाल भरवशाचे नाहीत अशी ओरड झाली, आणि २७ एप्रिलला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) दोन कंपन्यांचे संच परत पाठवायला सांगितले. त्यानंतर कामी आले ते पुण्याचे ‘कोविड कवच एलायझा’. पाषाणच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ते बनवले, झायडसने उत्पादन केले. एका खेपेत ९० नमुने, वेळ अडीच तास. जून २०२० मध्ये आयसीएमआरने सांगितले की अशा चाचण्या सर्वेक्षणासाठी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसारख्या जोखमीच्या गटांसाठी वापरा, रोगनिदानासाठी नको.

मग मोजले कोणाला? राष्ट्रीय सर्वेक्षण ७० जिल्ह्यांचे. महाराष्ट्रातले बीड, परभणी, नांदेड, जळगाव, अहमदनगर आणि सांगली त्यात आहेत. मध्य प्रदेशातले देवास, उज्जैन आणि ग्वाल्हेर आहेत, म्हणजे पवार-शिंद्यांचा जुना मुलूख. झाशीपासून ग्वाल्हेर शंभर किलोमीटर, पण झाशी यादीत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशाने स्वतः ११ जिल्ह्यांत पाहणी केली, २२.१ टक्के आकडा आला, त्यातही बुंदेलखंडातला एकही जिल्हा नव्हता. ४ जून २०२१ पासून राज्याने सगळ्या ७५ जिल्ह्यांत नमुने घ्यायला घेतले, तेव्हा कुठे झाशीचा नंबर लागला.

राष्ट्रीय सर्वेक्षणात आरोग्य कर्मचारी निवडले गेले ते जिल्हा आणि उपजिल्हा पातळीवरच्या सरकारी दवाखान्यांतून, दर जिल्ह्यात साधारण शंभर. ग्वाल्हेरच्या जागी झाशी असती, तरी रेल्वेची परिचारिका, छावणीचा सफाईवाला आणि मेडिकल कॉलेजचा वॉर्डबॉय या शंभरांत बसायला अवघडच होते.

४ फेब्रुवारी २०२१ ला जाहीर झालेले तिसऱ्या सर्वेक्षणाचे आकडे मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. ते नमुने डिसेंबर-जानेवारीत, १६ जानेवारीला लसीकरण सुरू होण्याआधी घेतलेले. तेव्हा प्रौढ नागरिकांत २१.४ टक्के आणि आरोग्य कर्मचाऱ्यांत २५.७ टक्के अँटीबॉडी सापडल्या. कामानुसार पाहिले तर डॉक्टर आणि परिचारिका २६.६, पॅरामेडिकल २५.४, क्षेत्रावर फिरणारे २५.३, कार्यालयीन कर्मचारी २४.९. म्हणजे खाटेशेजारी उभी राहणारी परिचारिका आणि केसपेपर काढणारा कारकून यांच्यात दोन टक्क्यांचेही अंतर नाही. संसर्ग फक्त कोविड वॉर्डात होतो, ही आपली समजूत इथे ढासळते. खिडकीसमोरची रांग, चहाची सुट्टी, कामावर नेणारी टमटम आणि कर्मचाऱ्याचे स्वतःचे घर, यांचाही वाटा तेवढाच असावा.

पण या चार ओळींत सफाई कामगारांची वेगळी ओळ नाही. ती का हवी होती, हे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या रुग्णालयाने दाखवले. एप्रिल २०२० मध्ये तिथे लक्षणे नसलेल्या ५१६ कर्मचाऱ्यांचे रक्त तपासले तेव्हा २४.४ टक्क्यांत अँटीबॉडी मिळाल्या. सर्वाधिक होत्या सफाई विभागात, ३४.५ टक्के. अतिदक्षता विभागात मात्र १४.८. सगळ्यांत गंभीर रुग्ण जिथे, तिथे संसर्ग बराच कमी, बहुधा तिथे संरक्षणाची साधने पक्की होती आणि ती वापरायचे शिक्षणही मिळालेले होते म्हणून. झाडू घेऊन सगळ्या वॉर्डांतून फिरणाऱ्याला साधा मास्क. हेच चित्र आपल्याकडेही असेल असे मी म्हणत नाही. ते आहे की नाही हे कळायला वेगळी ओळ लागते, एवढेच म्हणतो.

आणि ती ओळ आता काढणे फार कठीण झाले आहे. लसीकरणात आरोग्य कर्मचाऱ्यांचा नंबर पहिला होता. चौथ्या सर्वेक्षणात त्यांच्यातले जेमतेम दहा टक्के लस न घेतलेले आढळले. त्यामुळे ८५.२ मध्ये किती लसीचे आणि किती आजाराचे, हे वेगळे करायला बारकाई लागते. कोविशील्ड शरीराला विषाणूचा फक्त काटेरी भाग दाखवते, म्हणून ती घेतलेल्याच्या रक्तात न्यूक्लिओकॅप्सिड या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी दिसल्या, तर आजार होऊन गेला असे म्हणता येते. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असतो, तिथे ही युक्ती चालत नाही. कवच एलायझातही अख्खाच विषाणू वापरलेला, त्यामुळे ते लस आणि आजार असा भेद करत नाही. गंमत अशी की कोविशील्ड पुण्याची, कोव्हॅक्सिनचा विषाणू पुण्याच्या संस्थेने वेगळा केलेला आणि चाचणीही पुण्याचीच. सदर बाजारातल्या एका रक्ताच्या थेंबात इतके पुणे आहे.

बाजारात मात्र या बारकाव्यांना गिऱ्हाईक नाही. खासगी लॅबमध्ये पैसे भरून लोक ‘टायटर’, म्हणजे अँटीबॉडींची पातळी, काढतात आणि शेजाऱ्याचा आकडा मोठा निघाला की हिरमुसतात. मे महिन्यात लखनौच्या एका नागरिकाने तर लस घेऊनही अँटीबॉडी तयार झाल्या नाहीत म्हणून पोलीस ठाण्यात तक्रार दिली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लसीनंतरची प्रतिकारशक्ती या चाचणीवरून जोखू नका, असे बजावले होते. एका माणसाच्या रक्तातला आकडा त्याला फारसे काही सांगत नाही. शंभर माणसांचा आकडा, तोही कामानुसार वेगळा केलेला, रुग्णालयाला बरेच सांगतो: मास्क कुठे कमी पडले, कोणाला शिकवायचे राहिले, कोणती खिडकी बंद होती.

तिसऱ्या लाटेची तयारी इथे ऑक्सिजन प्रकल्प आणि मुलांसाठीचे वॉर्ड यांवर चालली आहे आणि ती हवीच. तिच्यात एक बिनखर्चाची गोष्ट घालता येईल. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या आवारात काम करणाऱ्यांची एकच यादी करावी, पगार लखनौहून येवो, रेल्वेकडून, बोर्डाकडून की ठेकेदाराकडून. आता अँटीबॉडी सगळ्यांतच सापडणार, म्हणून या यादीवर कोण कधी आजारी पडला आणि तो कोणते काम करत होता, एवढे लिहीत जावे. पुढचा नवा विषाणू येईल तेव्हा लस येण्याआधीचे पहिले रक्त याच यादीवरून घ्यावे आणि त्यात सफाईवाल्याचे नाव डॉक्टरांच्या नावाच्या शेजारी असावे. झाशीने ही यादी करून ठेवली, तर चहाच्या टपरीवर महाराष्ट्र मागे पडल्याचे मी खुशाल मान्य करीन.