आत्याला ‘पुढे’ सापडेना!

रविवारची दुपार. पाथर्डीहून आत्याचा कॉल. ‘अगं, रिचार्ज मारायचाय, पण पुढं जायचं बटणच सापडंना.’ मी म्हटलं, ‘आत्या, खाली कोपऱ्यात बाण आहे बघ, तो दाब.’ ‘कसला बाण? इथं तर काहीच नाही!’

बाण होता. पण पांढऱ्यावर फिक्कट करडा, आणि आत्या बसली होती ओट्यावर उन्हात. शेवटी ती चौकातल्या दुकानात गेली, मोबाइल दुकानदाराच्या हातात दिला, ओटीपीसकट. वर मलाच म्हणाली, ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं!’

तुमच्याही घरी असे कॉल येतात ना? तेव्हा आपण पटकन म्हणतो, ‘यांना मोबाइल जमत नाही.’ पण इथं चुकली होती ती स्क्रीन, आत्या नाही.

ट्रेंड भारी, पण कोणासाठी?

सध्या वेबसाइट ‘मिनिमल’ ठेवायची फॅशन आहे. शब्द कमी, आयकॉन जास्त, अक्षरं बारीक, मेनू तीन रेघांमागं लपलेला. लॅपटॉपवर झकास दिसतं. उन्हात, तडा गेलेल्या स्क्रीनवर काय दिसतं, ते कोण बघणार? वेबसाठीची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे डब्ल्यूसीएजी, सांगतात की साधा मजकूर आणि त्यामागचा रंग यांत किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट हवा. आयकॉनसाठी हेच प्रमाण किमान ३ : १. रंगांचे कोड टाकले की हे तपासून देणारी टूल्स नेटवर फुकट मिळतात.

मराठीचं दुखणं आणखी वेगळं. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलं, की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेल्या ‘मुक्ता’सारखे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत आहेत. ते वापरा आणि ओळींना जरा श्वास घेऊ द्या.

आता आपल्याच जिल्ह्याचं बघा. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण बोलताना आपण अजून ‘नगर’च म्हणतो. मग फॉर्ममधल्या यादीत गावाकडचा माणूस शोधणार कुठं? चांगला डिझायनर सर्चमध्ये तिन्ही नावं चालतील अशी सोय करेल. खर्च जवळपास शून्य, डोकेदुखी गायब.

मुद्दाम केलेली गडबड

काही ठिकाणी मात्र चूक नसते, चलाखी असते. न विचारता बास्केटमध्ये टाकलेली वस्तू, ‘फक्त २ शिल्लक’ची खोटी घाई, सबस्क्रिप्शन बंद करायचा लपवलेला रस्ता. याला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ प्रकारांना मनाई केली. घरात कुणी फसलं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पाच जणांना बसवा

तुम्ही कॉलेजसाठी किंवा मित्राच्या दुकानासाठी साइट बनवताय? जेकब नील्सन या तज्ज्ञानं २००० मध्येच लिहून ठेवलंय, की पाच जणांकडून वापरून घेतलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. आजी, किराणावाले काका, शेजारची वहिनी, कुणीही चालेल. एक काम सांगा आणि गप्प बसा. बोट दाखवायचं नाही! ते जिथं अडतील, तिथं तुमचं डिझाईन चुकलंय.

मी करून बघितलं. आमच्या फेस्टचं पान आत्याला दाखवलं. मोठ्ठा फोटो, हलणारी अक्षरं, एकदम कडक. आत्यानं दोन मिनिटं वर-खाली केलं आणि विचारलं, ‘छान आहे गं, पण कार्यक्रम कधी आहे?’

तारीख सगळ्यात खाली होती. त्याच रात्री आम्ही ती वर आणली.