विश्लेषण : जाम झालेले जुने ट्रॅक्टर इंजिन शेडमध्ये दुरुस्त होते का?

चार-पाच पावसाळे उघड्यावर काढलेला ट्रॅक्टर पेरणीच्या तोंडावर आठवतो. बॅटरी जोडून चावी फिरवली, तर नुसता ‘टक्’ आवाज येतो. हे इंजिन पुन्हा चालणार की भंगारात जाणार, हे बरेचदा पहिल्याच दिवशी काय केले त्यावर ठरते.

इंजिन जाम का होते?

उभ्या ट्रॅक्टरमध्ये मुख्य कारण गंज. सायलेन्सरमधून पावसाचे पाणी उघड्या व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये उतरते आणि पिस्टनच्या रिंगा लायनरला धरतात. फुटलेल्या हेड गॅस्केटमुळेही हेच घडते. चालता चालता बंद पडलेल्या इंजिनात मात्र तेलाअभावी बेअरिंग क्रँकला चिकटलेले असू शकते. गंज सुटतो, चिकटलेल्या बेअरिंगसाठी इंजिन उघडावेच लागते.

काय टाळावे?

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून गिअर टाकणे. अडकलेल्या पिस्टनवर असा जोर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारणेही घातक. आधी सर्व नोझल काढावेत. चेंबरमधील तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे.

पिस्टन कसा सुटतो?

नोझलच्या भोकांतून डिझेल आणि पातळ तेलाचे मिश्रण ओतून काही दिवस थांबावे. मग क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावून थोडे पुढे, थोडे मागे हलवावे. तरीही हलले नाही तर हेड उतरवावे. मधल्या उंचीवर अडकलेल्या पिस्टनवर कठीण लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके देता येतात. अगदी वर असलेल्या पिस्टनला ठोकू नये; तिथे रॉड सरळ उभा असतो आणि मार थेट क्रँकवर जातो.

शेडमध्ये काय जमते, काय नाही?

रिंगा, गॅस्केट, बेअरिंगचे शेल बदलणे जमते. रॉड आणि त्याची टोपी यांच्या जोड्या खुणा करून ठेवाव्यात. अदलाबदल चालत नाही. नवी रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजावी. १०० मिमी बोअरला साधारण ०.३ ते ०.४ मिमी फट लागते. अचूक आकडा कंपनीच्या पुस्तिकेतला धरावा. टॉर्क पान्याला मात्र पर्याय नाही. क्रँक ग्राइंडिंग, हेड सपाट करणे, नोझल आणि फ्युएल पंपाची तपासणी ही कामे लेथवाल्याकडे किंवा पंप दुरुस्तीच्या दुकानातच होतात.

धोका कुठे?

बहुतेक ट्रॅक्टरना वेगळी चॅसिस नसते. इंजिन हाच सांगाडा. क्रँक काढण्यासाठी ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो, तेव्हा दोन्ही भागांखाली भक्कम लाकडी ठोकळे हवेत. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरणे जिवावर बेतते. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नये. डिझेल कातडीत घुसते.

पहिल्यांदा सुरू करताना?

डिझेल बंद ठेवून तेलाचा दाब येईपर्यंत इंजिन फिरवावे. फ्युएल पंपाचा रॅक अडकला तर इंजिन बेफाम पळते आणि चावी काढूनही थांबत नाही. अशा वेळी हवेची वाट बंद करण्यासाठी एक माणूस सपाट फळी घेऊन तयार ठेवावा.