सुरांचा आकडा लागला!

सकाळी अलार्मचा आकडा, मग लोकलचा, मग लिफ्टच्या मजल्याचा, मग टार्गेटचा. दिवसभर आकड्यांशी झटापट करून शनिवारी संध्याकाळी गिटार मांडीवर घ्यावी, तर तिथेही कुणीतरी ओरडतो, ‘बॉस, वन-फाइव्ह-सिक्स-फोर!’ नवख्याचा चेहरा अशा वेळी बघण्यासारखा होतो. हा बसचा नंबर आहे, की कॉन्फरन्स कॉलचा पासकोड?

दोन्ही नाही. हा गाण्याचा पत्ता आहे. गिटारच्या क्लासमध्ये महिनोन्‌महिने कॉर्डची नावं घोकलेल्या कुणालाही मी सांगेन, की हे आकडे आधी शिकवले असते तर निम्मी घोकंपट्टी वाचली असती.

फंडा अगदी साधा आहे. मेजर स्केलच्या सात सुरांना एक ते सात नंबर द्यायचे. सा म्हणजे १, रे २, ग ३, म ४, प ५, ध ६, नि ७. सगळे शुद्ध, म्हणजे आपला बिलावल थाटच. आता कुठल्याही सुरावर उभं राहून एक घर सोडून एक असे तीन सूर उचलले, की झाली कॉर्ड. सा-ग-प ही १ नंबरची, म-ध-सा ४ नंबरची, प-नि-रे ५ नंबरची. या तिघी मेजर, हसतमुख. २, ३ आणि ६ या मायनर, जरा हळव्या. सातवी चक्रम आहे, पॉपवाले तिच्या वाटेला फारसे जात नाहीत.

तर वन-फाइव्ह-सिक्स-फोर म्हणजे सीच्या पट्टीत सी, जी, ए मायनर, एफ. बीटल्सचं ‘लेट इट बी’ याच चौकडीवर सुरू होतं. पट्टी जी केली तर जी, डी, ई मायनर, सी. अक्षरं बदलली, आकडे जागचे हलले नाहीत, आणि गाणंही तेच राहिलं. या चार आकड्यांवर इतकी गाणी उभी आहेत, की ‘द ॲक्सिस ऑफ ऑसम’ नावाच्या ऑस्ट्रेलियन विनोदी त्रिकुटाने तेच चार कॉर्ड वाजवत ठेवून डझनावारी हिट गाणी एकामागोमाग एक गाऊन दाखवली. लोक हसून हसून बेजार. पण त्यातली खरी गंमत कानाला कळते. पत्ता एकच, बिऱ्हाडं वेगवेगळी.

आकड्यांची कल्पना तशी जुनी. जर्मन संगीतशास्त्रज्ञ गॉटफ्रिड वेबरच्या १८१७ पासून निघालेल्या ग्रंथात कॉर्डना रोमन आकडे दिलेले आहेत, मेजरला मोठ्या लिपीतले, मायनरला छोट्या. थिअरीच्या पुस्तकांत आजही तेच दिसतात. पण पुस्तकातला हा आकडा रोजच्या कामाला जुंपला तो अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराने. कंट्री म्युझिकची ही पंढरी. इथल्या स्टुडिओत तीन तासांचं एक सेशन असायचं आणि तेवढ्यात तीन-चार गाणी रेकॉर्ड करून मोकळं व्हायचं. वादक भाड्याचे, पण एक नंबरचे. गाणं तिथेच पहिल्यांदा ऐकायचं आणि लगेच वाजवायचं. त्यात गायक म्हणणार, ‘जरा खाली घेऊ या का?’ म्हणजे लिहिलेले सगळे कागद रद्दीत.

१९५० च्या दशकाच्या शेवटी नील मॅथ्यूज याने यावर इलाज काढला. एल्व्हिस प्रेस्लीच्या मागे कोरस गाणाऱ्या ‘द जॉर्डनेअर्स’ या चौकडीतला हा गायक. त्याने स्वरांच्या नावांऐवजी नंबर लिहायला सुरुवात केली. चार्ली मॅकॉय या हार्मोनिकावाल्याने (बॉब डिलनच्या १९६६ च्या ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’ मध्ये वाजवलेला हाच) आणि त्याच्या सोबतच्या वादकांनी हीच युक्ती कॉर्डना लावली. आज तिचं नाव नॅशव्हिल नंबर सिस्टीम. एक आकडा म्हणजे एक बार. एका बारमध्ये दोन कॉर्ड बसवायचे तर दोन्हीखाली मिळून एक रेघ. आकड्यापुढे वजाचं चिन्ह आलं तर मायनर. आकड्याभोवती चौकटच्या पानासारखा आकार काढला, तर कॉर्ड एकदा वाजवून तशीच घुमत ठेवायची. संपूर्ण गाणं एका पानात मावतं, आणि गायकाने पट्टी बदलली तर फक्त वरचं एक अक्षर खोडायचं.

आता आपल्या गावात येऊ. ‘यात नवीन काय, आमच्या सरगममध्ये हेच आहे’ असं घरातली शास्त्रीय शिकलेली आत्या म्हणणार, आणि तिचं बरोबरच आहे. सा कुठेही धरा, बाकीचे सूर त्याच्या नात्याने ठरतात. मजा पुढेच आहे. महाराष्ट्रात आकडे आपण नेमके उलट्या कामाला लावलेत! गायिकेला पट्टी विचारा, ती म्हणेल काळी पाच. म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी, इंग्रजीत बी फ्लॅट. पांढरी चार म्हणजे एफ, काळी एक म्हणजे सी शार्प. आपल्याकडे पट्टीला आकडा आणि सुराला अक्षर. नॅशव्हिलमध्ये पट्टीला अक्षर आणि सुराला आकडा. त्यामुळे पेटीवाले काका आणि गिटारवाला पोरगा एका खोलीत आले, की ‘चार’ या शब्दावर पहिली दहा मिनिटं जातात. एकाच्या मते एफ, दुसऱ्याच्या मते मध्यमावरची कॉर्ड.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, हे मला आमच्या ऑफिसच्या बँडमुळे कळलं. ॲन्युअल डेच्या निमित्ताने जमलेला पाच जणांचा कंपू. गाणारी मुलगी एचआरमधली, दहा वर्षं शास्त्रीय शिकलेली. पहिल्याच तालमीत ती म्हणाली, ‘हे मला काळी दोनमध्ये बसतं.’ लीड गिटारवाला हबकला. ‘अगं, ई फ्लॅट? बोटांची वाट लागेल. जीमध्येच गा ना, ओरिजिनल तिथेच आहे.’ ओरिजिनल पुरुषाच्या आवाजातलं होतं, हा मुद्दा कुणी काढला नाही. ती बिचारी जीमध्ये गात राहिली, अंतऱ्याला गळ्याच्या शिरा ताणून. महिन्याभराने चहाच्या वेळी मला म्हणाली, ‘बँडमध्ये गायचा माझा आवाजच नाही रे. दुसरी कुणीतरी बघा.’

मला हे फार लागलं. आवाज उत्तम होता, अडचण गिटारवाल्याच्या बोटांची होती. मग एका रविवारी मी सहाही गाणी आकड्यांत उतरवली. एकाही कागदावर ए-बी-सी-डी नाही. वर फक्त एक रिकामी चौकट, ‘आजची पट्टी’. ती तिने भरायची, दुसऱ्या कुणी नाही. तिने लिहिलं, काळी दोन. गिटारवाल्याने कुरकुरत कॅपो तिसऱ्या पट्टीवर लावला आणि सीचेच नेहमीचे आकार वाजवले, की ई फ्लॅट हजर. कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटण दाबलं. बेसवाल्याने तर मानही वर केली नाही, त्याचा आकृतिबंध जसाच्या तसा सरकला. अंतरा आला आणि ती पहिल्यांदा डोळे मिटून गायली.

कार्यक्रमाच्या दिवशी तिला सर्दी. स्टेजच्या मागे तिने चौकटीतलं ‘काळी दोन’ खोडून ‘काळी एक’ लिहिलं. गिटारवाल्याने कॅपो तिसऱ्यावरून पहिल्या पट्टीवर आणला. चर्चा अर्ध्या मिनिटात संपली.

एका घोटाळ्यापासून मात्र सांभाळा. ‘सी सेव्हन’ मधला सात आणि स्केलमधला सात हे दोन वेगळे गृहस्थ आहेत. सी सेव्हनमध्ये मोजणी सीपासून सुरू होते आणि सातवा सूर घ्यायचा तो कोमल नि. शुद्ध नि हवा असेल तर मेजर सेव्हन म्हणायचं. नाइन म्हणजे वरच्या सप्तकातला रे. नंबर पद्धतीत ‘फाइव्ह सेव्हन’ लिहायचं तर ५ मोठा आणि ७ त्याच्या डोक्यावर बारीक, पिनकोडसारखे शेजारी शेजारी नाही.

आणि आकड्यांनी सगळंच साधतं असंही नाही. शाळेत फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात भेटलेला रूसो आठवतो? त्याने १७४२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे चक्क अख्खी स्वरलिपी आकड्यांत मांडली होती. संगीतकार रामोने त्यातली नेमकी खोट काढली. पाच रेषांवरचे सूर वर चढताना, खाली उतरताना डोळ्याला एका नजरेत दिसतात, आकडे मात्र एकेक करून वाचावे लागतात. चीनमध्ये चाली आजही आकड्यांत लिहितात, पण माझं मत रामोकडे झुकतं. चालीसाठी आकडा कोरडा वाटतो, मींड तर त्यात पकडताच येत नाही. कॉर्ड बारमध्ये एकदा-दोनदा बदलते, तिथे तो फिट्ट बसतो.

सुरुवात करायचीय? पाठ असलेलं गाणं घ्या. ते शेवटी जिथे येऊन निवांत बसतं, तो बहुतेक वेळा तुमचा १. मग बेसकडे कान लावा आणि ४, ५ शोधा. तीन आकड्यांचंच गाणं हवं तर बारा बारचा ब्लूज घ्या. चार बार १, दोन बार ४, दोन बार १, मग ५, ४ आणि शेवटी दोन बार १. मायनर गाण्यात मात्र भांडणाची तयारी ठेवा. काही जण मायनरलाच १ म्हणतात, नॅशव्हिलचे बरेच लोक तिला ६ म्हणून लिहितात. आमच्या बँडमध्ये हा वाद अजून मिटलेला नाही. पेटीवाल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘सा कुठला ते सांगा, बाकी तुमचं चालू द्या.’